बापूंची वामकुक्षी

चुऱ्यांच्या घरात झोप न येणं हा आजार कधीच नव्हता. तो मान होता. सकाळी चहाला कुणी म्हणालं, "रात्री डोळ्याला डोळा नाही," की दुसरा लगेच वर चढायचा, "तुझा एक तरी लागला असेल, माझे दोन्ही टक्क उघडे." वसुंधरा अठ्ठावीस वर्षांपूर्वी या घरात सून होऊन आली, तेव्हापासून ही चढाओढ ऐकत होती. तिनं मनातल्या मनात प्रत्येकाचं एक खातं उघडून ठेवलं होतं. कोण किती जागतो म्हणतो ते डाव्या बाजूला, खरा किती जागतो ते उजव्या. ताळा आजवर एकदाही जमला नव्हता.

या जागरणाच्या मानकऱ्यांत एकच माणूस बेवारशासारखा होता: तिचा नवरा विलास. त्याला झोप यायची. कुठेही यायची. पानावर बसल्या बसल्या यायची. धाकटा प्रितेश त्याला चिडवायचा, "दादा, तू आपल्यातला नाहीस. तुला बापूंनी बोळिंजच्या बाजारातून आणलाय." विलास त्यावर हसायचा आणि हसता हसताच डुलकी घ्यायचा.

आज बापूंची, म्हणजे नरहरी चुरींची, पितृपक्षातली तिथ होती. पान वाढून, काकवळ घालून, मंडळी जेवायला बसली होती. वसुंधरा वाढत होती, आणि कधी नव्हे ते तिचा हात विलासच्या पानाशी सैल सुटला होता.

"अगं, तिसरा वडा?" विलास म्हणाला. "एरवी दुसऱ्यालाच डोळे वटारतेस."

"तिथ आहे. खा."

"आणि खीर?"

"तीही घ्या."

राधिकेनं, प्रितेशच्या बायकोनं, जावेकडे चमकून पाहिलं. गेले वर्षभर विलासच्या पोटावर पहारा ठेवणारी ही बाई आज वाटीनं खीर ओततेय, म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे, एवढं तिनं ताडलं. काय ते मात्र तिला कळेना.

जेवणं निम्म्यावर आली तेव्हा प्रितेशनं विषय काढलाच. तो काढणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दसऱ्याला लॉनचा करार संपत होता, आणि नव्या करारावर दोघा भावांच्या सह्या लागणार होत्या.

"मी सही करणार नाही," प्रितेश म्हणाला. "आधीच सांगतो. सोमवारी माझी विरारच्या दवाखान्यात रात्रभराची तपासणी आहे. अंगाला वायरी लावून झोपवणार आहेत. ही वेळ माझ्यावर का आली? त्या हॅलोजनमुळे. माझ्या खिडकीत रात्री बारा वाजता दिवस उगवतो, दादा!"

वाडीचा पुढचा तुकडा, जिथे एकेकाळी बापूंचा सोनचाफा होता, तो विलासनं दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या लॉनसाठी भाड्यानं दिला होता. लग्नं नसली तर वाढदिवस, वाढदिवस नसले तर गरब्याची प्रॅक्टिस.

"लॉन दोन वर्षांचं," विलास वडा मोडत म्हणाला. "तुझं जागरण वीस वर्षांचं. हॅलोजनचा काय संबंध? आपल्या रक्तातच आहे ते. बापू जागे, आजोबा जागे, तू जागा."

"आणि तू?"

"मी? मी पडलो की मेलो."

वसुंधरेच्या हातातली पळी खिरीच्या पातेल्याच्या काठावर वाजली. कुणाचं लक्ष गेलं नाही.

"मम्मा, तो कागद काढ ना," वसुंधरेची मुलगी ऋतिका म्हणाली. ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि काकाची अपॉइंटमेंट तिनंच घेऊन दिली होती. "सगळे बसलेत तर भरून टाकू. डॉक्टरांनी घरच्यांना विचारूनच भरायला सांगितलाय."

दवाखान्याचा तो तीन पानी अर्ज वसुंधरेनं देव्हाऱ्याखालच्या खणातून आणला. अक्षर तिचं चांगलं, म्हणून लिहिणं तिच्याकडे. पहिल्या पानावर छापलं होतं: रक्ताच्या नात्यातील झोपेच्या तक्रारी. दुसऱ्यावर: घर, काम व परिसर. तिसरं पान तिनं दुमडून खाली ठेवलं.

कागद बघताच दोघा भावांना चेव आला. जणू कोर्टात दावा लागलाय आणि वसुंधरा कारकून आहे.

"वहिनी, दुसरं पान आधी घ्या," प्रितेश म्हणाला. "लिहा: हॅलोजन. डीजे. जनरेटर."

"पहिलं पान आधी येतं, म्हणून तर ते पहिलं," विलास म्हणाला. "लिही: आजोबा, बापू, प्रितेश. आणि ही आत्या बसलीय, तिला विचार. आत्या, तू विरारला चौथ्या मजल्यावर राहतेस. तुझ्याकडे लॉन आहे का?"

शांताआत्या म्हणजे बापूंची धाकटी बहीण. एकोणऐंशी वर्षांची. दात गेले होते, पण वडे ती आमसुलाच्या चटणीत भिजवून निगुतीनं संपवत होती.

"लॉन नाय, काय नाय," ती म्हणाली. "खाली वॉचमन तेवढा. तोपन झोपतो. मी मात्र तीन वाजता उठून बसते. सून म्हनते, आत्ता कोन उठतं? मी म्हनते, कोन म्हनून काय, मीच उठते."

"बघा!" विलासनं मांडीवर थाप मारली. "लॉन नाही, तरी जाग. रक्त!"

"रक्त नाही, बापूंची हाक!" प्रितेश उसळला. "तीन वाजता कोण उठवायचं आपल्याला? चाफ्याची कळी उमलायच्या आत खुडायची, पहिल्या गाडीनं फूलबाजारात पोचवायची. मी सात वर्षांचा होतो. हातात बॅटरी आणि कमरेला करंडी. आत्याला तिच्या बापानं तसंच उठवलं. आता चाफा नाही, करंडी नाही, बापूही नाहीत, पण तीन वाजले की मला अजून हाक ऐकू येते. हे रक्त झालं का?"

क्षणभर प्रितेश जिंकल्यासारखा दिसला, पण वसुंधरेनं दोन्ही बाजू मांडून पाहिल्या आणि तिला तसं वाटलं नाही.

"भावजी, एक विचारू?" ती म्हणाली. "पितृपक्ष लागून अकरा दिवस झाले. या पंधरवड्यात लॉनवर चिटपाखरू नाही. दिवा नाही की डीजे नाही. या अकरा रात्री तुम्ही झोपलात?"

प्रितेशनं पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायला.

"नाही झोपले," राधिका हळूच म्हणाली.

"ऐकलंस?" विलास खूश झाला.

"तुम्ही एवढे खूश होऊ नका," वसुंधरा म्हणाली. "रक्तातच असतं तर तुम्ही दोघं एका आईबापाचे. चाफा दोघांनीही खुडला. मग ते जागे आणि तुम्ही झोपलेले कसे?"

"तेच म्हणतो मी, याला बाजारातून आणलाय," प्रितेश म्हणाला, आणि भांडणाच्या मध्येच दोघे भाऊ हसले. चुऱ्यांचं हे एक बरं होतं. भांडण कितीही चढलं तरी मध्ये चहापाण्याची सुट्टी असायची.

"मम्मा, खरं म्हणजे दोन्ही पानं भरायची असतात," ऋतिका म्हणाली. "आमचे सर सांगतात, रक्तातून येतं ते नुसतं बी. रुजायचं की नाही ते जमीन ठरवते."

"वाडीवाल्याला शिकवतेय," विलास म्हणाला, आणि त्यानं पहिली जांभई दिली.

वसुंधरेनं ती जांभई टिपली. तिनं पानं उचलायला घेतली, जरा घाईनंच.

बापूंच्या तिथीला चुऱ्यांकडे एक रीत होती, ती गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. एकोणतीस वर्षांपूर्वी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, बापू दुपारचे जेवून ओटीवरच्या आरामखुर्चीत वामकुक्षीला टेकले ते उठलेच नाहीत. ना हाक, ना हूं. सगळा गाव म्हणाला, काय पुण्यवान माणूस, झोपेत गेला. तेव्हापासून तिथीच्या दिवशी जेवण झालं की थोरल्या मुलानं बापूंच्या खुर्चीत घटकाभर डोळे मिटायचे. बाकीच्यांनी ओटीवरच बसायचं, मोठ्यानं बोलायचं नाही. बापूंना पोचतं म्हणे. एरवी त्या खुर्चीत कुणी बसत नसे. सुनांनी तर तिच्यावरची धूळ पुसायची तेवढी.

विलास खुर्चीत टेकला, धोतराचा सोगा सारखा केला आणि पुरता श्वास घ्यायच्या आत झोपला.

"बघा, बघा," प्रितेश हेव्यानं म्हणाला. "बटण दाबल्यासारखा. याला म्हणतात सुख."

मग घोरणं सुरू झालं. आधी कुणी सुपारी कातरावी तसं, मग रहाट ओढावा तसं. ऋतिकेनं तोंडावर ओढणी धरली. प्रितेश म्हणाला, "लॉनवाल्याला सांगा, जनरेटरची गरज नाही." शांताआत्यासुद्धा बोळक्यानं हसली.

वसुंधरा हसली नाही. ती खुर्चीसमोर पाटावर बसली होती, मांडीवर अर्जाचं तिसरं पान, हातात पेन, आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर.

आणि घोरणं थांबलं.

"हं, आता लागली गाढ," प्रितेश कुजबुजला.

"सात," वसुंधरा म्हणाली. "आठ. नऊ."

"काय मोजतेस, वहिनी?" राधिकेनं विचारलं.

"त्यांच्या छातीकडे बघ. चौदा. पंधरा."

सगळ्यांनी पाहिलं. विलासचं पोट हलत होतं, आत खेचलं जात होतं, पण नाकातोंडातून वारा येत-जात नव्हता. भरलेल्या विहिरीत बादली सोडावी आणि ती कुठेतरी अडकून राहावी, दोर नुसता ताणला जावा, तसं. ओठांचा रंग उतरला.

"चोवीस. पंचवीस."

"मम्मा, उठव पप्पांना!" ऋतिका अर्धी उठली.

"थांब. तिसापर्यंत येतात परत. एकोणतीस."

प्रितेशच्या चेहऱ्यावरचं हसू कधी पुसलं गेलं ते त्यालाही कळलं नाही. चौतीसला विलासच्या घशातून मोठा आचका निघाला. बुडणारा माणूस वर यावा तसा त्यानं वारा ओढला, मान हलवली, आणि पुन्हा घोरू लागला. डोळे मिटलेलेच. चेहऱ्यावर बापूंच्या तसबिरीतलंच समाधान.

वसुंधरेनं तिसऱ्या पानावर आकडा लिहिला.

"हे असं..." प्रितेश खुर्चीजवळ सरकला. "हे किती वेळा होतं?"

"रात्रीतून किती ते मोजून संपत नाही. सगळ्यात मोठं एक्केचाळीसचं झालं. शेजारच्या हिल्डाला दाखवलं गेल्या नाताळात. ती इस्पितळात नर्स आहे, तिनंच घड्याळ लावून मोजायला शिकवलं. म्हणाली, घसा मिटतो. जबड्याची ठेवण घराण्यातून येते, त्यात वजन, आणि वर जागरण झालं की अजून. डॉक्टरला दाखव म्हणाली. दोनदा बोलले यांना. म्हणाले, झोपणाऱ्याला कसला झोपेचा डॉक्टर? तो प्रितेशला." तिनं दुमडलेलं पान उलगडून सगळ्यांसमोर धरलं. वर छापलं होतं: शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने भरावे. त्याखाली नाव होतं, विलास नरहरी चुरी, आणि त्याखाली तारखा आणि आकडे, दाटीवाटीनं. "दोन अर्ज आणायला मीच सांगितलं होतं ऋतिकेला; हे पान दुसऱ्यातलं. म्हटलं, एकदा चारचौघांत झोपू देत. माझ्या एकटीच्या शब्दावर यांचा विश्वास नाही."

"म्हणून तिसरा वडा," राधिका म्हणाली.

"म्हणून तिसरा वडा."

आणि मग राधिकेनं एक गोष्ट केली जी तिनं नऊ वर्षांच्या संसारात केली नव्हती. नवऱ्याकडे न बघता ती जावेच्या पाटाशेजारी येऊन बसली. "यांचंही तसंच आहे," ती म्हणाली. "जेव्हा झोपतात तेव्हा. गुदमरून उठतात आणि म्हणतात, हॅलोजननं जाग आली. मला वाटायचं, असेलही."

प्रितेशची कैफियत पार उलटीपालटी झाली होती. दिवाही खरा, हाकही खरी, रक्तही खरं; आणि ज्याच्याविरुद्ध दावा लावला होता तोच खुर्चीत बुडत होता.

"वसुंधरा," शांताआत्या म्हणाली. तिचा आवाज वेगळाच आला होता. "जिजानं तुला काय सांगितलं होतं? लग्न झालं तेव्हा?"

जिजा म्हणजे वसुंधरेची सासू. सहा वर्षांपूर्वी गेली.

"सांगितलं होतं, आत्या. दुसऱ्याच दिवशी. म्हणाल्या, विलास घोरला तर घोरू दे. थांबला की कोपर मार. मला हसू आलं होतं. लोक घोरणाऱ्याला ढोसतात, ह्या गप्प झालेल्याला ढोस म्हणतात. मी विचारलं का, तर म्हणाल्या, विचारू नको, मार."

"ती जन्मभर मारत होती," आत्या म्हणाली. "नरहरीला. रातभर जागी. सगळे म्हनायचे, चुऱ्यांचं रक्त तिला पन लागलं. कसलं रक्त! ती तर सफाळ्याची." आत्यानं पदराचं टोक हातात गुंडाळलं. "त्या दुपारी ती अर्नाळ्याला गेली होती, सुकट आनायला. पहिल्यांदा मला म्हनाली, शांता, तुझ्या दादांकडे बघ हां. मी म्हटलं, बघते. ते झोपले. घोरले. मग गप्प झाले. मला वाटलं, चला, बरं झालं, शांत झोप लागली. मी पंखा घेऊन वारा घातला त्यांना. कितीतरी वेळ वारा घातला."

पलीकडे केळीच्या पानावर कावळा उतरला, आणि उडाला.

"जिजा आली, तिनं बघितलं. मला काय पन बोलली नाय. बाहेर लोक म्हनायला लागले, पुन्यवान मरन. ती म्हनाली, म्हनू दे, शांता. बोल तुझ्यावर पन येनार नाय, माझ्यावर पन. मग ही रीत लागली खुर्चीची. दर वर्षी मी येते, दर वर्षी विलास झोपतो, आनि मी मनात म्हनते, उठ रे बाबा."

खुर्चीतलं घोरणं पुन्हा थांबलं होतं. या वेळी वसुंधरेनं मोजलं नाही. ती उठली आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं, नेमक्या जागी, कोपर मारलं.

विलास दचकून उठला. समोर पाच माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती. आत्याच्या डोळ्यांना पदर होता.

"काय झालं? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," वसुंधरा म्हणाली, आणि तो कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

विलासनं चष्मा शोधला, सापडला तो डोक्यावरच. त्यानं नाव वाचलं. आकडे वाचले. मग प्रितेशकडे पाहिलं, कारण अशा वेळी थोरले भाऊ बायकोकडे बघत नाहीत.

"हे खरंय का रे, प्रित्या?"

"चौतीस, दादा. मी पाहिलं." प्रितेश म्हणाला. "मला वाटलं, तू..."

आत्यानं पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मोजक्या शब्दांत. विलास ऐकत होता तेव्हा त्याचा हात खुर्चीच्या गुळगुळीत झालेल्या दांड्यावरून पुढे-मागे फिरत होता. मग हात थांबला, आणि तो खुर्चीतून उठला. भराभर नाही, पण असा, की पुन्हा तिच्यात बसायचं नाही.

"आईनं मला कधी सांगितलं नाही."

"तुला सांगून काय?" आत्या म्हणाली. "तू झोपलेला असायचास. जिला सांगायचं तिला सांगितलं तिनं."

विलासनं वाडीकडे पाहिलं, रिकाम्या लॉनकडे, दिवे नसलेल्या खांबांकडे. "सोमवारी किती वाजता आहे तुझं?"

"रात्री आठला बोलावलंय."

"दुसरी खाट मिळते का विचार. आणि त्या लॉनवाल्याला मी सांगतो. दहानंतर दिवे बंद, नाहीतर करार बंद. सही तू तेव्हाच कर." मग, सगळ्यांदेखत, बायकोकडे वळला. "अठ्ठावीस वर्षं?"

"लग्नाची पहिली रात्र सोडून," वसुंधरा म्हणाली. "तेव्हा तुम्ही झोपला नव्हतात."

राधिका फसकन हसली आणि ऋतिका "ई, मम्मा!" म्हणत आत पळू लागली, पण बापानं तिला हातानं थांबवलं. तो हसत नव्हता.

"मग तू झोपतेस कधी?"

हा प्रश्न या घरात तिला कुणी विचारला नव्हता. जागरणाच्या मानकऱ्यांत तिचं नाव नव्हतं, कारण तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिला उत्तर मात्र तयार सापडलं. तेही खात्यात होतंच. "सकाळी. तुम्ही पाणी सोडायला वाडीत जाता ना, तेव्हा. साडेनऊ ते दहा."

विलासनं आरामखुर्ची दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडून उजेडाकडे वळवली, उशी झटकली, आणि बाजूला सरला.

"बस."

"मी? बापूंच्या खुर्चीत?"

"मी जागा आहे आता. बस तू."

वसुंधरेनं आत्याकडे पाहिलं. सुनेनं त्या खुर्चीत बसायला परवानगी द्यायला घरात आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"बस गो," शांताआत्या म्हणाली. "जिजाच्या वाटचं पन झोप."

ती टेकली. पाठ ताठच होती. मग सैल झाली. मान एका बाजूला कलली. पेन बोटांतून सुटलं आणि ओटीवर घरंगळत गेलं, ते ऋतिकेनं पायानं अडवलं.

विलास पाटावर बसला, मघाशी ती बसली होती तिथे. मुलीनं आईच्या मनगटावरून हळूच काढून दिलेलं घड्याळ त्यानं हातात धरलं आणि तिच्या छातीकडे बघत राहिला. ती संथ वर जात होती, संथ खाली येत होती. कुठेच अडत नव्हती.

"ऋतू," त्यानं हळूच विचारलं, "हिचं काय मोजायचं असतं?"

"काहीच नाही, पप्पा. नुसतं बसायचं."

तो बसला.